फाटकावरच्या घराची चौथी खिडकी

तुमच्या नात्यातला एखादा मुलगा जर्मनीहून फोटो पाठवतो. फोटोत लाल दगडाचं, टोकदार छपराचं, नक्षीदार घर असतं, मागच्या बाजूला लिहिलेलं असतं 'आमचं इथलं घर', आणि तुम्ही तो फोटो आल्यागेल्याला दाखवत सुटता. खरं सांगा, या घराच्या पाठीमागे काय आहे, हे विचारायचं तुम्हाला एकदा तरी सुचलं का?

बार्शीला तारळेकरांकडे कुणालाच सुचलं नाही. सत्तावन्न साली त्यांचा श्यामकांत हायडेलबर्गला रसायनशास्त्राची डॉक्टरेट करत होता. त्यानं असाच फोटो धाडला आणि वडिलांनी तो वाचनालयात नेऊन 'आमच्या चिरंजीवांचा बंगला, दोन धुराडी आहेत' असं जाहीर केलं. धुराडी दोनच होती, यात खोटं काही नाही. त्यातलं एक नुसतं शोभेचं होतं, खाली चूल नव्हती, एवढंच.

तो बंगला नव्हता. बंगला मागे होता, बागेच्या टोकाला, आणि फोटो काढताना श्यामकांतनं तो शिताफीनं वगळला होता. फोटोतलं घर फाटकवाल्याचं होतं.

हायडेलबर्गच्या कडेला नेकार नदीच्या काठी ब्रेंडल नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं त्याच्याही सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी ही मिळकत उभी केली. व्यापारी बरीच वर्षं लिव्हरपूलला राहिलेला, बायको तिथूनच आणलेली. बाईला जर्मनीतलं काहीच पसंत पडेना. मोठा बंगला नवऱ्यानं आपल्या मर्जीनं बांधला होता, तेव्हा तिनं निदान फाटक तरी आपल्या देशासारखं हवं म्हणून हट्ट धरला. विक्टोरिया राणीच्या राज्यात जमीनदारांच्या फाटकाशी जशी छोटी घरं असत, तसंच एक तिनं नमुन्यांच्या पुस्तकातून निवडलं आणि नेकारच्या तांबड्या दगडात उठवलं. छपराला तीन शिखरं, शिखरांच्या कडेला लाकडाची जाळीदार झालर, दारावर चिमुकला मांडव, रस्त्याच्या बाजूला पोट काढल्यासारखी पुढे आलेली खिडकी. रस्त्यानं जाणाऱ्यानं म्हणावं, दाराशीच हे, तर आत काय असेल! घर त्यासाठीच होतं. आत राहणाऱ्यानं काय म्हणावं, याचा विचार पुस्तकात नव्हता. आत दोन खोल्या, आणि छपराच्या तीन शिखरांमुळे भिंती अशा तिरक्या आलेल्या, की पलंग लावला तर कपाटाचं दार उघडत नाही आणि कपाट लावलं तर माणसाला सरळ उभं राहता येत नाही. इंग्रजांना घालवून दहा वर्षं झाली होती. आमचा विद्वान जर्मनीला जाऊन त्यांच्याच राणीच्या काळच्या फाटकावर बसला.

भाडं नावाला होतं. बदल्यात फाटक उघडायचं. श्यामकांतला ही अट किरकोळ वाटली, कारण तो दिवसभर प्रयोगशाळेत असणार होता. आणि नंतर बायको येणारच होती.

बायको म्हणजे सुलेखा. हे सगळं सांगायचं ते हिच्याबद्दल.

सोलापूरला गिरणीच्या मागच्या गल्लीत सुलेखाच्या आईची खानावळ होती. श्यामकांत कॉलेजात असताना तिथेच जेवायचा. वाढणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला आणि घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं, तेवढं एक शौर्य त्याच्या नावावर आहे. बार्शीच्या सासूबाईंनी सुनेला 'खानावळीतली' म्हणायचं कधी सोडलं नाही. सुलेखालाही त्याचं वाईट वाटेना. खानावळीतलीच होती ती. मॅट्रिक झालेली, तिखट जिभेची, आणि एका नजरेत पंगत मोजणारी. त्या खानावळीत एक रीत होती. सोलापूरच्या उन्हातून दारात आलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि पाणी ठेवायचं. मग तो जेवायला आलाय, पत्ता विचारायला की भांडायला, ते बघायचं.

हायडेलबर्गला आली त्याच दिवशी दुपारी सुलेखानं घराला चक्कर मारली. मागे बागेत गेली, परत आत आली, दोन्ही खोल्या पुन्हा पाहिल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाहेरून खिडक्या चार आहेत, आतून तीन. मालकीणबाईंनी एक खोली कुलपात ठेवलीय."

श्यामकांत म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल. हे बोलायला नको होतं. खानावळवालीच्या मुलीला मोजता येत नाही, असं म्हणणारा माणूस सोलापुरात उपाशी राहिला असता.

संध्याकाळी ती त्याला दुभाष्या म्हणून ओढत बंगल्यावर घेऊन गेली. मालकीणबाई फ्राऊ ब्रेंडल ही त्या व्यापाऱ्याची सून. सत्तरी ओलांडलेली, विधवा, काठीसारखी ताठ. सुलेखानं चौथ्या खिडकीच्या खोलीची किल्ली मागितली. श्यामकांतनं ते शक्य तितकं मऊ करून सांगितलं. म्हातारी आधी गोंधळली, मग हसली, आणि त्यांना घेऊन बागेतून फाटकावरच्या घराच्या पाठीमागच्या भिंतीशी आली. तिनं चौथ्या खिडकीच्या काचेवर नख ओढलं. नखाखाली रंगाचा पापुद्रा आला.

खिडकी चितारलेली होती. दगडी चौकट खरी, लाकडी झडपा खऱ्या पण भिंतीला ठोकलेल्या, आणि मधे विटांवर गिलावा करून हातानं रंगवलेल्या काचा. काचांमागे लेसचा पडदा, पडद्याआडून डोकावणारी लाल फुलांची कुंडी. दर काही वर्षांनी रंगारी बोलावून कुंडीतली फुलं ताजी केली जात.

म्हातारीनं काही लपवायचं कारण नाही अशा सुरात सगळं समजावलं. तिच्या इंग्रज सासूचा नियम होता. फाटकवाल्याला रस्ता दिसला पाहिजे, मालकाचं घर दिसता कामा नये. मालक बागेत कुणाबरोबर फिरतो, कुणावर ओरडतो, हे नोकरानं का बघावं? म्हणून तिन्ही खऱ्या खिडक्या रस्त्याकडे. पण मालकानं बंगल्यातून पाहिलं, तर त्याला नुसती आंधळी भिंत दिसणं बरं नव्हे. त्याला वाटलं पाहिजे, की आपली माणसं सुखात आहेत. म्हणून ही खिडकी.

किती विचार करतात बघा ही माणसं. फाटकवाल्याच्या सुखाचं चित्र मालकासाठी काढायचं, आणि ऊन दोघांपैकी एकालाच मिळायचं. कारण ऊन त्याच बाजूला होतं. रस्ता उत्तरेला, बाग आणि नदी दक्षिणेला. हायडेलबर्गच्या हिवाळ्यात जे काय चार किरण पडत, ते त्या चितारलेल्या कुंडीवर पडत.

सुलेखानं फाटकाचं काम समजून घेतलं.

कामाची एक पद्धत होती. पाहुण्यानं रस्त्यावरची घंटा ओढायची. फाटकवाल्यानं बाहेर येऊन बघायचं आणि मग आतली दोरी ओढायची, तिची घंटा थेट बंगल्यात वाजे. कोळसेवाला, दूधवाला, कारागीर असेल तर एकदा, सभ्य माणूस असेल तर दोनदा. एकदा वाजली तर मोलकरीण मागचं दार उघडी, दोनदा वाजली तर फ्राऊ ब्रेंडल लेसची कॉलर लावून दिवाणखान्यात उभी राही.

सुलेखानं पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दोनदाच वाजवली.

पहिल्यांदा हेर शुक, म्हणजे श्रीयुत शुक, आला. हा कोळसेवाला, खांद्यावर पोतं, डोळ्यांचा पांढरा भाग सोडला तर सगळा काळा. दिवाणखान्यात लेसच्या कॉलरीसमोर तो आणि त्याच्यासमोर ती, असे दोघं बराच वेळ उभे होते म्हणतात. म्हातारीनं श्यामकांतला बोलावून झापलं. श्यामकांतनं घरी येऊन सुलेखाला झापायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, माणूस बघून घंटा वाजवायची असेल, तर तुम्ही वाजवा, मला माणसांतला फरक दुरून ओळखू येत नाही. श्यामकांतला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जायचं होतं. घंटा दोनदाच वाजत राहिली. शेवटी म्हातारीनं कॉलर सकाळी उठल्याबरोबरच लावायला सुरुवात केली.

आणि गुळपाणी. तिथे गूळ कुठला! दुकानात गुळाच्या रंगाचे साखरेचे खडे मिळत, कांडिस म्हणतात त्याला, सुलेखानं तेच धरलं. फाटकाशी जो येईल त्याच्या हातावर कांडिसचा खडा आणि पाण्याचा पेला. कोळसेवाल्यानं खडा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, हे घोड्यासाठी का? घोडा तर कधीच विकला, आता ट्रक आहे. तिनं खुणेनं सांगितलं, खा. त्यानं खाल्ला. पुढच्या खेपेला स्वतःहून हात पुढे केला, आणि त्याच्या पुढच्या खेपेला मांडवाखाली बूट काढून आत येऊन बसला. सुलेखा जर्मन शिकली ती या शुककडून. त्यामुळे श्यामकांत बोले ती विद्यापीठाची जर्मन, आणि त्याची बायको बोले ती कोळशाच्या वखारीतली. बाजारात लोक तिचंच आधी ऐकत.

एकोणसाठ साली शुभा झाली. सुलेखाचं आयुष्य आतापर्यंत गमतीत चाललं होतं, ते इथे थांबलं.

त्या घराच्या भिंती ओल धरत. तिन्ही खिडक्यांतून उजेड यायचा तो रस्त्याचा, करडा, ताकाच्या निवळीसारखा. शुभा वर्षाची झाली तरी उभी राहीना. उभी केली की पाय धनुष्यासारखे वाकत. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, आणि सांगितलं, थेंब ठीक आहेत, पण हिला ऊन दाखवा, रोज, उघड्या अंगानं. बागेत भाडेकरूंनी जायचं नाही, हा नियम होताच. रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या धुरात पोर उघडी करून ठेवायची सोय नव्हती.

सुलेखा बंगल्यावर गेली. या वेळी दुभाष्या नेला नाही. म्हणाली, ती खोटी खिडकी फोडून खरी करा. मजुरी आम्ही देऊ.

म्हातारी नाही म्हणाली. रागानं नव्हे, अगदी शांतपणे. फाटकावरचं घर बंगल्याकडे बघत नाही, तसं ते बांधलेलं नाही, आणि बांधलेलं असतं तर ते फाटकावरचं घर राहिलं नसतं. मुलीबद्दल तिला वाईट वाटतं. थेंब चांगले असतात.

घरी श्यामकांतनं समजूत घातली. प्रबंध संपत आलाय, परदेशी माणसाला या गावात खोली कोण देतो, आहे ते घर जाईल, जरा धीर धर. सगळं खरं होतं. शिकलेल्या माणसाचं हेच वाईट, त्याचं सगळं खरं असतं.

"अहो, धीर मी धरीन," सुलेखा म्हणाली. "तिचे पाय धरतील का?"

त्या हिवाळ्यात तिनं दुसरं काही केलं नाही, करण्यासारखं नव्हतंच. फाटक उघडत राहिली, घंटा दोनदा वाजवत राहिली, खडा आणि पाणी देत राहिली. फक्त थंडी फार होती, म्हणून लोकांना दारात उभं न ठेवता आत घेऊ लागली. पाण्याच्या जागी चहा आला. आणि लोक बसू लागले. कोळसेवाला बसे. पियानो सुरात लावणारा बसे. म्हातारीचा वकील एकदा घाईत आला आणि शुभाला मांडीवर घेऊन बसला, त्याचा मुलगा लढाईत गेला होता, त्याच्याबद्दल तो म्हणे पहिल्यांदाच कुणाशी बोलला. पाद्री तर म्हातारीकडे जायचा दिवस सोडून दुसऱ्याही दिवशी येऊ लागला. बंगल्यातल्या दिवाणखान्यात हे लोक हवापाण्याबद्दल बोलत आणि घड्याळाकडे बघत. फाटकावर मात्र घड्याळ नव्हतं.

आता तुम्ही म्हातारीच्या जागी बसून बघा. कॉलर लावलेली आहे. घंटा दोनदा वाजते. म्हणजे कुणीतरी आलं. ती उभी राहते, केस सारखे करते. कुणी येत नाही. खिडकीतून बघते, तर बागेच्या त्या टोकाला लेसचा पडदा आणि लाल फुलांची कुंडी, सुखाचं चित्र, जागचं हलत नाही. खऱ्या धुराड्यातून धूर निघतोय. हसण्याचा आवाज येतोय. आत कोण आहे? काय बोलताहेत? आपल्याबद्दल का? सासूनं नोकराचे डोळे बांधायला भिंत घातली, ती भिंत आता सुनेच्या डोळ्यांवर आली होती. भिंतीचं असंच असतं, ती कुठल्या बाजूला मालक आहे ते बघत नाही.

एकसष्टच्या मार्चमध्ये एका दुपारी फ्राऊ ब्रेंडल काठी टेकत फाटकावर आली. आत कोळसेवाला चहा पीत होता. तो उठून उभा राहिला, पण गेला नाही, म्हणून पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे.

"आल्झो, तर मग," म्हातारी म्हणाली, "मी ठरवलं आहे. मागची खिडकी उघडायची."

सुलेखा शुभाला भरवत होती. तिनं विचारलं, "का?"

"माझ्या फाटकावर काय चालतं, ते मला दिसायला हवं. काच साधी असेल. पडदा लावायचा नाही."

शुकला वाटलं, ही आता बाईचे पाय धरणार. सुलेखानं पोरीच्या तोंडात शेवटचा घास घातला, हात पुसले आणि म्हणाली, "खिडकीची कडी आतून. उघडायची कधी, मिटायची कधी, ते मी ठरवणार."

"घर माझं आहे, फ्राऊ तारळेकर."

"हो, घर तुमचं. अंधार आमचा आहे, तो बघायचा असेल तर कडी आतून."

म्हातारी शुभाकडे बघत राहिली. शुभा टेबलाचा पाय धरून उभी होती, पाय वाकलेले. मग म्हातारीनं शुकला विचारलं, तुझ्या ओळखीचा गवंडी आहे का? एवढंच. कडीबद्दल हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ज्यांना हुकूम करायची सवय असते, ते हरतात तेव्हा विषय बदलतात.

गवंड्यानं पहिला घाव घातला आणि थांबला. शुकला हाक मारून दाखवलं. रंगवलेल्या गिलाव्यामागे, विटांच्या वर, खिडकीसाठी घालतात तशी दगडाची भक्कम तुळई होती. खाली उंबरा, बाजूला चौकटीच्या खाचा, सगळं तयार. ज्या कारागिरांनी घर बांधलं, त्यांनी रीतसर खिडकी बांधली होती. कारण खिडकी म्हटल्यावर त्यांना दुसरं काही बांधताच येत नव्हतं. मग हुकूम आला तेव्हा ती विटांनी भरून टाकली. म्हणजे इतकी वर्षं खिडकी त्या भिंतीत होतीच. विटा काढायला दुपारही लागली नाही.

पहिलं ऊन जमिनीवर पडलं तेव्हा त्यात धूळच जास्त होती. सुलेखानं त्या धुळीतच सतरंजी टाकली आणि पोरीचे कपडे काढून तिला मधोमध ठेवली.

आणि बंगल्यातून दुर्बीण लावून बसलेल्या फ्राऊ ब्रेंडलला दिसलं काय? उघड्या खिडकीच्या खालच्या अर्ध्यात दोरीवर वाळत घातलेली दुपटी, ऊन वरच्या अर्ध्यातून आत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पडदा लावायचा नाही, हे ठरलं होतं. दुपट्यांबद्दल काही ठरलं नव्हतं. सुलेखा दुपारी ऊन ओसरलं की ती काढी, आणि मग मात्र खिडकी सगळी मोकळी ठेवी. आत कोण बसलंय ते म्हातारीला स्वच्छ दिसे. कोळसेवाला, पाद्री, वकील, आणि मधे आधाराशिवाय उभी राहायला लागलेली एक काळीसावळी पोर. महिनाभर म्हातारीनं बघितलं. नुसतं बघून कुणाचं पोट भरत नाही. एका रविवारी रस्त्यावरची घंटा वाजली, सुलेखा बाहेर आली, तर दारात फ्राऊ ब्रेंडल. नदीकाठच्या वाटेनं बाहेर पडून, सगळा वळसा घालून, स्वतःच्याच फाटकाशी पाहुणी म्हणून आली होती. बागेतून आली असती तर ती मालकीण ठरली असती, आणि मालकिणीला खडा मिळत नाही, हे तिनं दुर्बिणीतून ताडलं होतं. सुलेखानं खडा दिला. म्हातारी म्हणाली, दातांना वाईट. खाल्ला मात्र.

आता यात कौतुक कुणाचं झालं, तेवढं ऐका. पाद्र्यानं चर्चमध्ये सांगितलं की एका दयाळू भगिनीनं एका परदेशी बालिकेसाठी आपल्या वाडवडिलांच्या घराची भिंत फोडली. पुढच्या आठवड्यात गावभर तेच. श्यामकांतनं बार्शीला कळवलं, आमच्या मालकीणबाई म्हणजे देवमाणूस. वडिलांनी ते वाचनालयात वाचून दाखवलं असणार.

चर्चच्या शिशुगृहात लहान मुलांचा काहीतरी कार्यक्रम होता, तिथे पाद्र्यानं सगळ्यांसमोर सुलेखाला उभं केलं आणि आभाराचे चार शब्द बोलायला सांगितले. शुभा तोवर चालायला लागली होती. पाय थोडे वाकडे होते, पण चालत होते. श्यामकांत शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, 'थँक्यू म्हण आणि बस.'

सुलेखा तिच्या वखारीतल्या जर्मनमध्ये म्हणाली, "खिडकी बाईंनी माझ्यावर नजर ठेवायला उघडली. ऊन आपलं आपण आलं."

श्यामकांतचे कान लाल. पाद्री पुढचं गाणं शोधायला लागला. आणि पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"गेनाऊ," फ्राऊ ब्रेंडल म्हणाली. अगदी बरोबर. तिला नोकर आवडत नव्हते, परदेशी आवडत नव्हते, पण खोटं त्याहून आवडत नव्हतं.

चौसष्ट साली श्यामकांतला झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात रंगांच्या विभागात नोकरी लागली, आणि तारळेकर तिथे चांगल्या उजेडाच्या ब्लॉकमध्ये राहायला गेले. पुण्यामुंबईची नवी पोरं तिथे शिकायला, नोकरीला येत. श्यामकांत त्यांना हायडेलबर्गच्या त्या 'घरा'बद्दल सांगायचा, छपराची शिखरं हातानं काढून दाखवायचा. सुलेखा चहा ठेवता ठेवता म्हणायची, "वॉचमन होतो आम्ही तिथे." पोरं हसायची, काकू चेष्टा करताहेत म्हणून. शुभा जर्मनमध्ये ओरडून सांगायची की आई खरं बोलतेय, आणि खाली खेळायला पळायची. पळायची, एवढंच सुलेखाला पुरे होतं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे मिटून ठेवा आणि खाली जा. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनची खोली असेल, किंवा जिन्याखाली मोलकरणीची. तिच्या मागच्या भिंतीवर हाताची मूठ ठोकून बघा. आत खिडकीला जागा असेल, तर गवंड्याला आजच बोलवा, कडी आतून बसवा, आणि कृपा करून नंतर कुणाला सांगत फिरू नका.